बँकेचे नियमन शिकण्याची सुरुवात ताळेबंदापासून

व्यापारी बँकिंगचा अभ्यास नव्याने हाती घेणारे बहुतेक जण नियमांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि थोड्याच दिवसांत कंटाळतात. भांडवल पर्याप्तता, रोखता प्रमाण, तरतुदी, ठेव विमा ही सगळी नावे सुटी सुटी पाठ केली, तर ती परीक्षेपुरती लक्षात राहतात आणि नंतर एकमेकांत मिसळतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी बँकेचा ताळेबंद समजून घ्यावा, त्यातील प्रत्येक ओळ कुठे दुबळी आहे हे पाहावे, आणि मगच नियमांकडे वळावे; कारण जवळजवळ प्रत्येक नियम अशाच एखाद्या दुबळेपणावरचा उतारा म्हणून जन्माला आलेला आहे. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. कागद आणि गणकयंत्र जवळ असल्यास उत्तम.

पायरी १ : एक लहानसा ताळेबंद मांडा

समजा एका बँकेची एकूण मालमत्ता १,००० आहे. चलन कोणतेही घ्या. त्यात रोख रक्कम आणि मध्यवर्ती बँकेतील शिल्लक मिळून ८०, सरकारी रोखे २२०, घरकर्जे ३००, उद्योगांना दिलेली कर्जे ३६० आणि इमारती, संगणक वगैरे ४० आहेत. दुसऱ्या बाजूला ठेवी ७८०, इतर बँकांकडून व बाजारातून घेतलेली उसनवारी १४० आणि भागधारकांचे भांडवल ८० आहे. दोन्ही बाजूंची बेरीज १,००० येते. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण शेवटपर्यंत आपण याच बँकेसोबत राहणार आहोत.

नवख्या वाचकाची पहिली अडखळ इथेच होते. कर्ज हे घेणाऱ्यासाठी ओझे असले तरी बँकेच्या दृष्टीने ते येणे आहे, म्हणून ते मालमत्तेत बसते. आणि ठेव ही खातेदाराची पुंजी असली तरी बँकेच्या दृष्टीने ते देणे आहे. खात्यात भरलेला पैसा तिजोरीत वेगळा बांधून ठेवलेला नसतो. ठेव भरताच तो पैसा बँकेचा होतो आणि खातेदार बँकेचा धनको बनतो. ‘माझे पैसे बँकेत आहेत’ असे आपण बोलतो खरे, परंतु कायद्याच्या भाषेत ‘बँक मला तेवढे देणे लागते’ एवढेच त्यातून सिद्ध होते. सुरक्षा पेटीत ठेवलेल्या वस्तूचे तसे नाही. ती वस्तू ग्राहकाचीच राहते आणि ताळेबंदात येतही नाही.

आता दोन्ही बाजूंची मुदत ताडून पाहा. बचत आणि चालू खात्यातील रक्कम खातेदार केव्हाही मागू शकतो, तर घरकर्ज वीस वर्षांनी पूर्ण फिटते. अल्प मुदतीचा पैसा घेऊन दीर्घ मुदतीसाठी देणे हा बँकेचा व्यवसायच आहे. त्यातूनच तिला नफा होतो आणि त्यातूनच तिला धोका असतो.

पायरी २ : कर्ज देताना काय घडते ते नोंदीतून पाहा

बँक एकाकडून ठेव घेते आणि तीच रक्कम दुसऱ्याला देते, असे सोपे चित्र अनेक पाठ्यपुस्तके रंगवतात. प्रत्यक्ष नोंद वेगळी असते. बँकेने एखाद्या उद्योगाला १० चे कर्ज मंजूर केले की ती त्याच्या खात्यात १० जमा दाखवते. मालमत्तेच्या बाजूला कर्ज १० ने वाढते आणि देण्यांच्या बाजूला ठेव १० ने वाढते. कोणाच्याही जुन्या ठेवीला हात लागत नाही. म्हणजेच कर्ज देण्याच्या क्रियेतून नवी ठेव, पर्यायाने नवा पैसा, निर्माण होतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हीच गोष्ट सविस्तर समजावून सांगितली होती.

मग बँकेला मर्यादा कशाची? कर्जदार तो पैसा वापरून दुसऱ्या बँकेच्या खातेदाराला देणे चुकते करतो, तेव्हा पहिल्या बँकेला मध्यवर्ती बँकेतील आपल्या शिल्लकीतून ती रक्कम वळती करावी लागते. शिल्लक आटत गेली, तर ठेवी किंवा उसनवारी शोधावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. याशिवाय चांगला कर्जदार मिळावा लागतो आणि भांडवल पुरावे लागते. काही देशांत ठेवींचा ठरावीक हिस्सा मध्यवर्ती बँकेत ठेवण्याची सक्ती असते, पण हा लगाम सर्वत्र नाही. अमेरिकेने तो हिस्सा मार्च २०२० मध्ये शून्यावर आणला, तरीही तेथील बँकांना अमर्याद कर्जे देता आली नाहीत. खरा लगाम पुढच्या पायरीत आहे.

पायरी ३ : भांडवल म्हणजे काय, हे एकदा नीट बसवून घ्या

बँकेने भांडवल ‘राखून ठेवले’ असे वर्तमानपत्रांत वाचून अनेकांचा समज होतो की भांडवल म्हणजे कुठेतरी बाजूला काढलेली गंगाजळी. तसे मुळीच नाही. भांडवल देण्यांच्या बाजूला आहे. ते पैसे कोठून आले हे सांगते, कोठे ठेवले हे सांगत नाही. आपल्या बँकेचे ८० चे भांडवल कर्जांत, रोख्यांत आणि इमारतींत विरघळलेले आहे. मालमत्तेतून सगळी देणी वजा केल्यावर जे उरते, ते भांडवल.

त्याचे काम तोटा सोसण्याचे. उद्योगांना दिलेल्या कर्जांपैकी ३३ पूर्णपणे बुडाले असे समजा. मालमत्ता ९६७ वर येते. ठेवी आणि उसनवारी मात्र ९२० च राहतात, कारण धनकोंना कमी घ्या असे सांगता येत नाही. भांडवल ८० वरून ४७ वर घसरते. बुडीत रक्कम ८० च्या पुढे गेली असती, तर बँक दिवाळखोर ठरली असती. लक्षात घ्या, एकूण मालमत्तेच्या केवळ ८ टक्के तोटा तिला संपवायला पुरेसा आहे. इतर उद्योगांत मालकांचा स्वतःचा पैसा एकूण मालमत्तेच्या कितीतरी मोठा हिस्सा असतो. बँक मात्र जवळजवळ सगळा व्यवसाय दुसऱ्यांच्या पैशावर करते. बँकेवर एवढी बंधने का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका तुलनेत आहे.

पायरी ४ : भांडवल किती हवे, याचे गणित स्वतः करा

जून १९७४ मध्ये जर्मनीतील हेरस्टॅट ही बँक बंद पडली. परकीय चलनाच्या व्यवहारांत समोरच्या बँकांनी तिला मार्क, म्हणजे तेव्हाचे जर्मन चलन, देऊन टाकले होते, आणि न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळण्याच्या आत तिला टाळे लागले. एका देशातील बँकेच्या पडझडीची झळ दुसऱ्या देशांतील बँकांना कशी लागते, हे त्या दिवशी उघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा प्रमुख देशांच्या गटातील मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी बँक पर्यवेक्षणासाठी एक समिती स्थापन केली, जी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातून काम करते. ‘बासेल नियम’ हे नाव त्यावरून आले. या समितीचे निर्णय थेट कोणावर बंधनकारक नसतात. प्रत्येक देशाचा नियामक ते आपल्या कायद्यात उतरवतो आणि अनेकदा त्याहून कडक करतो. म्हणूनच पुढील आकडे किमान मर्यादा समजाव्यात.

१९८८ च्या पहिल्या करारातील कल्पना अशी : सगळी मालमत्ता सारखी धोकादायक नसते, म्हणून प्रत्येक प्रकाराला जोखमीचा भार लावावा आणि त्या भारित बेरजेच्या किमान ८ टक्के भांडवल असावे. रोख रकमेला शून्य, विकसित देशांच्या सरकारी रोख्यांना शून्य, घरकर्जांना ५० टक्के आणि खासगी उद्योगांच्या कर्जांना १०० टक्के असे ते भार होते. आपल्या बँकेला हे लावून पाहा. रोख आणि सरकारी रोख्यांचे शून्य, घरकर्जांचे १५०, उद्योगांच्या कर्जांचे ३६०, इमारती वगैरेंचे ४०. एकूण जोखीम-भारित मालमत्ता ५५०. भांडवल ८० असल्याने प्रमाण सुमारे १४.५ टक्के येते, म्हणजे बँक सुस्थितीत दिसते.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर, २०१० च्या अखेरीस जाहीर झालेल्या तिसऱ्या करारात एकूण ८ टक्के तेच राहिले, पण त्यातील ४.५ टक्के हिस्सा सामान्य समभाग आणि साठलेला नफा अशा निखळ भांडवलाचाच हवा, असे ठरले. शिवाय त्यावर २.५ टक्क्यांचा संरक्षक थर चढवला गेला. हा थर मोडण्यास मनाई नाही, परंतु तो मोडला की लाभांश आणि बोनस वाटण्यावर बंधने येतात. मागील पायरीतला ३३ चा तोटा आता पुन्हा घ्या. भांडवल ४७, भारित मालमत्ता ५१७, प्रमाण सुमारे ९.१ टक्के. बँक जिवंत आहे, ८ टक्क्यांच्या वरही आहे, पण १०.५ टक्क्यांच्या खाली गेल्यामुळे भागधारकांना पूर्ण लाभांश देणे तिला शक्य नाही. जगातील सर्वांत मोठ्या, एकमेकांत गुंतलेल्या बँकांना याहून जास्तीचा हिस्सा ठेवावा लागतो.

जोखमीचे भार हा या रचनेतील सर्वांत वादग्रस्त भाग आहे, आणि नवख्याने त्याकडे थोड्या संशयानेच पाहावे. भार शून्य आहे म्हणून धोका शून्य होत नाही. मार्च २०१२ मध्ये ग्रीसच्या सरकारी रोख्यांच्या खासगी धारकांना दर्शनी मूल्याच्या ५३.५ टक्के रकमेवर पाणी सोडावे लागले. शिवाय मोठ्या बँकांना दुसऱ्या करारानंतर स्वतःच्या गणिती प्रारूपांनुसार भार ठरवण्याची परवानगी मिळाली, आणि आपली उत्तरपत्रिका आपणच तपासण्यासारखा हा प्रकार झाला. म्हणून तिसऱ्या करारात एक साधा आडाखाही जोडला गेला : कोणताही भार न लावता एकूण मालमत्तेच्या आणि ताळेबंदाबाहेरील बांधिलकीच्या (उदाहरणार्थ, दिलेल्या हमींच्या) किमान ३ टक्के इतके पहिल्या दर्जाचे, म्हणजे मुख्यतः वर सांगितलेले निखळ, भांडवल हवेच. आपल्या बँकेत हे प्रमाण ८ टक्के आहे. दोन्ही प्रमाणे शेजारी शेजारी लिहावीत. पहिले भरघोस आणि दुसरे तुटपुंजे दिसले, तर बँकेने कमी भाराच्या मालमत्तेचा डोंगर उभा केला आहे, हे ओळखावे.

पायरी ५ : कर्ज बुडण्याआधीची नोंद वाचा

कर्ज एका रात्रीत बुडत नाही. आधी हप्ता चुकतो, मग दुसरा चुकतो. अनेक देशांत मुद्दल किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते कर्ज अनुत्पादित मानले जाते. त्यासाठी नफ्यातून बाजूला दाखवलेल्या रकमेला तरतूद म्हणतात. पूर्वी तोटा प्रत्यक्ष दिसू लागल्यावरच तरतूद करण्याची पद्धत होती. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखामानकाने ती बदलून अपेक्षित तोट्याची पद्धत आणली, ज्यात निरोगी कर्जासाठीसुद्धा पुढील बारा महिन्यांचा अपेक्षित तोटा आधीच धरावा लागतो आणि कर्जदाराची पत बरीच ढासळली की पूर्ण उरलेल्या मुदतीचा.

येथे दोन आकडे नेहमी जोडीने पाहावेत : एकूण कर्जांत अनुत्पादित कर्जे किती, आणि त्यांच्यापैकी किती रकमेची तरतूद झालेली आहे. पहिला आकडा कमी दाखवण्याचा जुना मार्ग म्हणजे थकबाकीदाराला नवे कर्ज देऊन त्यातून जुने फेडून घेणे. कागदोपत्री सगळे आलबेल दिसते आणि भोक मोठे होत राहते. पर्यवेक्षक पुनर्रचित कर्जांची वेगळी यादी मागतात, ती यामुळेच.

पायरी ६ : आड आणि पोहरा

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. बँकेच्या बाबतीत उलटेही घडते : आडात पाणी असते, पण पोहरा वेळेवर वर येत नाही. मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त असते, भांडवल नियमांप्रमाणे पुरेसे असते, तरी आज दुपारी मागितलेले पैसे देण्यासाठी हाताशी रोकड नसते. आडच कोरडा असण्याच्या पहिल्या अडचणीला दिवाळखोरी म्हणतात, दुसरीला रोखतेची टंचाई.

ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेकडे २००७ च्या उन्हाळ्यात नियमांप्रमाणे पुरेसे भांडवल होते. मात्र तिने घरकर्जांसाठीचा बराचसा पैसा ठेवींऐवजी घाऊक बाजारातून, म्हणजे इतर बँका व वित्तसंस्थांकडून, उभा केला होता, आणि ऑगस्टमध्ये तो बाजारच गोठला. मध्यवर्ती बँकेकडून मदत मागितल्याची बातमी फुटताच १४ सप्टेंबरला तिच्या शाखांसमोर रांगा लागल्या. तेव्हाच्या विमा योजनेत पहिल्या २,००० पौंडांची पूर्ण हमी होती आणि पुढच्या ३३,००० पौंडांची केवळ ९० टक्के. त्यामुळे रांगेत उभे राहणे हा घाबरटपणा नव्हता, तो शहाणपणा होता. सरकारने ठेवींची पूर्ण हमी जाहीर केल्यावरच रांगा ओसरल्या.

या अनुभवातून आलेला नियम म्हणजे रोखता संरक्षण प्रमाण. पुढील ३० दिवस बाजारात मोठा तणाव आहे असे गृहीत धरायचे, त्या काळात किती पैसा बाहेर जाईल याचा अंदाज ठरावीक दरांनी बांधायचा, आणि तेवढ्या रकमेची सहज विकता येणारी उच्च दर्जाची मालमत्ता आजच हाताशी आहे का, हे तपासायचे. आपल्या बँकेच्या ७८० ठेवींपैकी ५०० सामान्य खातेदारांच्या विमाधारित आणि स्थिर ठेवी आहेत असे धरा. त्यांतून ५ टक्के म्हणजे २५ जातील. कमी स्थिर अशा १८० च्या किरकोळ ठेवींतून १० टक्के, म्हणजे १८. कंपन्यांच्या विमा नसलेल्या १०० च्या ठेवींतून ४० टक्के, म्हणजे ४०. इतर बँकांकडील उसनवारीपैकी ३० दिवसांत परत करायचे ६० पूर्णपणे जातील. एकूण १४३. याच काळात कर्जांच्या हप्त्यांतून वगैरे २३ येतील असे मानले, तर निव्वळ गरज १२० ची.

आता हाताशी काय आहे? रोख ८० आणि सरकारी रोखे २२०, म्हणजे ३०० असे घाईने लिहू नका. रोख्यांपैकी १२० उसनवारीसाठी तारण ठेवलेले असतील, तर ते मोजता येत नाहीत. उरले १८०. प्रमाण १५० टक्के. किमान अपेक्षा १०० टक्क्यांची. हे दर पाहिल्यावर नियामकाची मानवी स्वभावाविषयीची समजही दिसते : विमा असलेला लहान ठेवीदार जागचा हलत नाही, कंपनीचा खजिनदार हलतो, आणि दुसरी बँक तर सर्वांत आधी पळते. याच्याच जोडीला वर्षभराच्या मुदतीचे स्थिर निधी प्रमाण असते, जे दीर्घ मुदतीच्या कर्जांमागे टिकाऊ पैसा आहे का हे पाहते.

पायरी ७ : व्याजदर वाढले तर काय, हा प्रश्न विचारा

सरकारी रोखे बुडत नाहीत असे मानले, तरी त्यांची किंमत हलते. बाजारातील व्याजदर वाढले की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्याला कोणी पूर्ण किंमत देत नाही. दीर्घ मुदतीच्या रोख्यांवरील दर दोन टक्क्यांनी वाढले, तर किंमत १५ टक्क्यांच्या आसपास पडणे सहज शक्य आहे. आपल्या बँकेच्या २२० वर हा तोटा ३३ होतो, म्हणजे पायरी ३ मधील बुडीत कर्जांइतकाच. फरक एवढाच की रोखे मुदतीपर्यंत धरून ठेवण्याचा इरादा जाहीर केला, तर हा तोटा ताळेबंदात दिसत नाही.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे नेमके हेच झाले. ८ मार्च २०२३ रोजी तिने सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचे सांगितले. ९ मार्चला एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी निघून गेल्या आणि १० मार्चला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. तिच्या ठेवींपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम विमा मर्यादेपलीकडची होती. रोखे उत्तम दर्जाचे होते; चूक मुदतीच्या जुळणीत आणि ठेवीदारांच्या निवडीत होती. यापुढे कोणत्याही बँकेचा अहवाल वाचताना रोख्यांच्या बाजारमूल्याची तळटीप शोधल्याशिवाय पान उलटू नये.

पायरी ८ : बँकेबाहेरचे आधार ओळखा

मध्यवर्ती बँक तारण घेऊन अडलेल्या बँकेला कर्ज देते, म्हणून तिला अंतिम ऋणदाता म्हणतात. हा उपाय रोखतेच्या टंचाईवर आहे, दिवाळखोरीवर नाही. फक्त संकटाच्या दिवशी या दोहोंतला फरक ओळखणे फार अवघड असते. दुसरा आधार ठेव विमा. अमेरिकेत १९३३ च्या कायद्याने तो आला. आज तेथे प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मालकीच्या प्रत्येक प्रकारानुसार २,५०,००० डॉलरपर्यंत, तर युरोपीय संघात प्रत्येक बँकेत १,००,००० युरोपर्यंत हमी आहे. विम्याने झुंबड टळते, पण ठेवीदार बेफिकीर होतो आणि बँकेला जादा धोका पत्करण्याचा मोह होतो. म्हणूनच विमा आणि कडक देखरेख नेहमी जोडीने येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे बँक बुडालीच तर तोटा कोणत्या क्रमाने वाटायचा. सर्वसाधारण क्रम असा की आधी भागधारक, मग भांडवलात मोजल्या जाणाऱ्या रोख्यांचे धारक, मग इतर धनको आणि सर्वांत शेवटी विमाधारित ठेवीदार. मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रेडिट स्विस या बँकेच्या बाबतीत सुमारे १६ अब्ज स्विस फ्रँकचे असे रोखे शून्यावर आणले गेले, पण भागधारकांना मात्र काही मोबदला मिळाला. रोखेधारक न्यायालयात गेले, यात नवल नाही. करारपत्रातील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लागावी म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे.

पायरी ९ : खरा वार्षिक अहवाल उघडा

परवाना, संचालकांची पात्रता तपासणी, ग्राहकाची ओळख पटवण्याचे आणि अवैध पैसा रोखण्याचे नियम हेही नियमनाचाच भाग आहेत, परंतु ते ताळेबंदात दिसत नाहीत. त्यांची ओळख पर्यवेक्षकाच्या परिपत्रकांतून करून घ्यावी. ताळेबंदाचा सराव मात्र आता कोणत्याही नोंदणीकृत बँकेच्या संकेतस्थळावरील अहवालावर करता येतो. बासेल रचनेचा तिसरा स्तंभ जाहीर माहितीचा असल्याने भारित मालमत्ता, भांडवलाचे थर आणि रोखता प्रमाण यांचे तक्ते बँकेला ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध करावे लागतात.

आधी पायरी १ प्रमाणे संपूर्ण ताळेबंद आठ-दहा ओळींत उतरवून घ्यावा. नंतर नफा-तोटा पत्रकातून मिळालेले व्याज वजा दिलेले व्याज, म्हणजे निव्वळ व्याज उत्पन्न काढावे. आपल्या बँकेला कर्जांवर सरासरी ८ टक्के आणि रोख्यांवर ५ टक्के मिळत असतील, तर ६३.८ येतात, ठेवींवर ३ टक्के आणि उसनवारीवर ५ टक्के द्यावे लागत असतील, तर ३०.४ जातात, हातात ३३.४ राहतात. पगार आणि इतर खर्च १८, तरतुदी ५ आणि कर २.६ गेल्यावर वर्षाचा नफा ७.८ उरतो. पायरी ३ मधील ३३ चा तोटा भरून काढायला अशी चार वर्षांहून अधिक कमाई लागते. आपण निवडलेल्या बँकेसाठी हेच गुणोत्तर काढावे, मागील पाच वर्षांचे आकडे एका रांगेत लिहावेत, आणि जिथे आकडा अचानक उडी घेतो त्या वर्षाच्या तळटिपा सर्वांत आधी वाचायला घ्याव्यात.